दोनशे टाके आणि एक परकर

शिलाई मशीन घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, टाके किती हवेत? वीस, साठ, की थेट दोनशे? त्यात बदकांची रांग आहे, द्राक्षाची वेलही आहे. घरात शिवायचं काय, तर गाऊन, परकर, उशांचे अभ्रे. त्यांना लागते सरळ टीप, पिकोपुरता झिगझॅग, आणि हौस असेल तर काजं. आयझॅक सिंगरला १८५१ साली अमेरिकेत पेटंट मिळालं तेव्हा त्याचं मशीनही सरळच टीप मारत होतं. पण बदकं नसलेलं मशीन घेतलं तर वन्सं काय म्हणतील?

प्रात्यक्षिक तर बघत राहावं असं. खळ असलेल्या कोऱ्या मांजरपाटाची दुहेरी पट्टी, त्यावर सुरेख टीप. अशा वेळी पिशवीतून जीन्सचा पाय काढून पुढे करावा. तळ दुमडताना बाजूची जाड शिवण आली, की सुई अडते आणि दुकानदाराला चहाची आठवण होते. जॉर्जेटचा तुकडाही न्यावा. सुळसुळीत कापडावर टाके सुटतात ते घरी जाऊन कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं.

काळं पायमशीन मात्र कोणी सुचवत नाही. अंगानं लोखंडी, दुरुस्ती कोपऱ्यावर होते, हवी तर मोटर बसते. पिको तेवढा बाहेरून करून घ्यायचा. अडचण फक्त जागेची. ती व्यायामाच्या सायकलीनं अडवली आहे, आणि सायकलीवर परकर वाळत आहेत.