हस्तिनापूरनरेश ययातिमहाराजांस खुले पत्र

श्रीमंत राजमान्य राजेश्री ययातिमहाराज यांसी, पेठ वडगावहून एका वाचकाचा साष्टांग नमस्कार.

महाराज, आधी आपले आभार. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांनी १९५९ साली आपल्याला बोलतं केलं आणि आपण असं काही गोड बोललात, की 'ययाति' कादंबरीतली खलप्रवृत्ती कोणाची, असं विचारलं तर आजही आमची पोरं बिनदिक्कत देवयानीचं नाव लिहितात. आपण मात्र शोकांतिकेचे नायक!

आपल्या राणीचा, देवयानीचा अपराध होताच की. पहिल्या रात्री आपल्या तोंडाचा मद्याचा वास तिला सोसला नाही. मद्याच्या धुंदीत बापानं तिच्या लाडक्या कचाची राख पोटात घातली, हे जिनं भोगलं तिनं नाक मुरडावं म्हणजे काय!

अलकेवर तर आपले अनंत उपकार. दासीची पोर विषानं मेली. आपण तिचे सोनेरी केस जन्मभर आठवलेत. त्या मरणाचा जाब मात्र राजा झाल्यावरही कुणाला विचारला नाहीत. आठवायला खर्च येत नाही, महाराज.

माधव आपला जिवलग. तो गेल्यावर त्याची माधवी दुःखानं पिचलेली आपल्यासमोर आली आणि आपल्याला तिच्यात फक्त बाईच दिसली. तिनं नदीत जीव दिला. आपण पुन्हा मद्याचा पेला उचललात आणि त्यालाही दुःख म्हणालात. आपली प्रेयसी शर्मिष्ठा आपल्याच तान्ह्या पुरूला घेऊन रात्री परागंदा झाली, तेव्हाही आपण फार दुःखी होता म्हणे.

आमच्या गावात मराठ्यांचे सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. लढणारा माणूस आम्हाला कळतो. दस्यूंनी देवयानीच्या यदूला, आपल्या थोरल्या पोराला, पकडलं तेव्हा हस्तिनापूरचे राजे अशोकवनात विलासात दंग होते. पोराला सोडवलं ते पुरूनं, आपण टाकलेल्या पोरानं. आणि शापानं म्हातारे झाल्यावर, त्याचं बक्षीस म्हणून आपण त्याच्याकडे त्याचंच तारुण्य मागितलंत! कच धावून आला म्हणून त्याला ते परत मिळालं.

पश्चात्ताप झाला, हे मान्य. पण आपला प्रत्येक पश्चात्ताप दुसऱ्या कुणाचा तरी बळी गेल्यावरच उगवतो.

खांडेकरांनी देवयानी आणि शर्मिष्ठेलाही स्वतःच्या तोंडून बोलायला लावलं, ते काय उगाच? वाचकहो, त्या दोघींचं निवेदन पुन्हा वाचा. माधवीला तर तेवढीही जागा मिळाली नाही. मग उत्तरपत्रिकेत खलनायकाचं नाव लिहा: ययाती.