गोधडीचा नमुना: आखणीपासून प्रकाशनापर्यंत (सावरगावकरांसाठी अधिकृत मार्गदर्शिका)

अमेरिकेत गोधडीचा नमुना विकत मिळतो. गोधडी नव्हे, नमुना. चार-आठ पानांची पुस्तिका असते: कापड किती घ्या, तुकडे किती इंचांचे कापा, कुठला कशाला जोडा. 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्राने १९२८ ते १९६१ या काळात असे हजाराहून अधिक नमुने छापले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी तीच जागा स्वातंत्र्यलढा, फाळणी आणि संयुक्त महाराष्ट्र असल्या किरकोळ विषयांवर घालवली.

परिणाम समोर आहे. मध्य प्रदेशातल्या जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. गोधडी घरोघर, नमुना एकाही घरात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, कलेक्टर कचेरी आली. जिल्ह्याच्या गावाने नमुन्यावाचून थंडी काढणं आता शोभत नाही. पायऱ्या क्रमानेच चढाव्यात.

पायरी १: नाव ठेवा

परदेशी नमुन्यांची नावं ऐकली की माणूस चित्र न पाहताच पैसे काढतो: 'लॉग केबिन', 'अस्वलाचा पंजा', 'दारुड्याची वाट'. आपल्याकडे गोधडी 'आजीची' असते, 'थोरल्या काकूची' असते, नाहीतर 'ती हिरवी'. एवढ्यावर पुस्तिका खपत नाही.

आपल्या पहिल्या नमुन्याचं नाव 'गोटमार' असावं. मधून निळा पट्टा, ती जाम. दोन्ही अंगांना काळे, राखाडी, तपकिरी तुकडे, हाताला येतील तसे. पट्ट्याच्या मधोमध पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ एकमेकांवर दगड फेकत हाच देखावा उघड्यावर मांडतात. कापडावर मांडला तर रुग्णवाहिका उभी ठेवावी लागत नाही.

पायरी २: मापं ठरवा

परदेशात मापं खाटेवरून ठरतात: बाळाचं, एकेरी, राणीचं, राजाचं. सावरगावच्या पुस्तिकेत पुढील पाच मापं पुरेत.

बाळाची: कापड जितकं जुनं तितकं चांगलं. नवं कापड बाळाला टोचतं आणि आजीला त्याहून जास्त.

एकट्याची: पाच बाय सात फूट. पांघरणारा उंच निघाल्यास दोष नमुन्याचा नाही.

दोघांची: माप काहीही लिहा, पहाटेपर्यंत ती एकाकडेच असते.

पाहुण्यांची: सर्वांत सुबक. वर्षातले साडेअकरा महिने ट्रंकेत.

बागेची: संत्र्याच्या राखणीला जाणाऱ्यासाठी. रंग मातीचा निवडावा. दुसरा कुठलाही निवडला तरी आठवड्यात तोच होतो.

पायरी ३: साहित्याची यादी करा

इथे गणित लागतं. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट लांब. पन्हा चार फूट धरला तर १०८ चौरस फूट कापड. एकट्याची गोधडी ३५ चौरस फुटांची. म्हणजे एका लुगड्यात तीन थर बसतात आणि तीन चौरस फूट उरतात. पन्हा चार आणि गोधडीची रुंदी पाच, म्हणून जोड द्यावा लागेल, हेही नमूद करा.

हे गणित अचूक असून निरुपयोगी आहे. ते धड लुगड्याचं आहे, आणि धड लुगडं गोधडीत घालणाऱ्या सुनेचं पुढे काय होतं हे या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे. गोधडीत येणाऱ्या लुगड्याला मधे दंड घातलेला असतो, एक टोक झिजलेलं असतं, एक हात कापड चुलीपुढच्या फडक्याला गेलेलं असतं. तेव्हा यादीत असं लिहा: 'लुगडी: असतील तितकी. कमी पडल्यास जावेला विचारा.'

पायरी ४: शिवणीला कापड सोडा

नवखे इथेच फसतात. सहा इंचांचा तुकडा चारही बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत गेला की साडेपाचचा उरतो. असे दहा तुकडे ओळीने जोडले की पाच इंच गेले, आणि सकाळी पाय उघडे.

१९५६ साली राज्यांचे तुकडे जोडणाऱ्यांनी हे गणित केलं नव्हतं. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रदेशातून विदर्भ कापून मुंबई राज्याला जोडला, छिंदवाडा (पांढुर्णा तेव्हा त्यातच होतं) मध्य प्रदेशात ठेवला, आणि सौसर-पांढुर्ण्याची मराठी नेमकी शिवणीत गेली. शिवणीत गेलेलं कापड वरून दिसत नाही, पण सगळा ताण त्याच्यावरच असतो.

भाषेचा निर्णय याच पायरीवर घ्यावा. शिवणारी मराठीत बोलते, कचेरीतला अर्ज हिंदीत लागतो, गिऱ्हाईक इंग्रजीत विचारतं. गीता खंडेलवाल यांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं इंग्रजी पुस्तकसुद्धा फ्रान्समधल्या प्रकाशकाने काढलं. म्हणून तीन भाषांची तयारी ठेवावी आणि आकृत्या भरपूर काढाव्यात.

पायरी ५: कृती लिहा

जाणकार व्यक्तीला गाठून माहिती घ्यावी. मुलाखत साधारण अशी होते:

"मावशी, दोन ओळींत अंतर किती ठेवायचं?"

"बोटभर."

"कोणाच्या बोटाचं?"

"शिवते तिच्या."

"आणि टाके किती?"

"कायले मोजतं? पुरे होतेत तवा होतेत. तू सुई ओव पहिले, मले दिसत नाही."

सुई ओवून दिल्यावर याचं छापील भाषेत रूपांतर करा. लुगडी एकावर एक अंथरावीत. सुरकुत्या हाताने सारून कोपऱ्यांवर वजन ठेवावं. लांब कच्च्या टाक्यांनी थर धरून घ्यावेत. मग कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत आत यावं. मध्यभागी पोचल्यावर थांबावं. (हे लिहावं लागतं. छापील नमुना वाचणारा माणूस सांगितल्याशिवाय थांबत नाही.)

दोन ओळींत अर्धा इंच धरला, तर पाच बाय सातच्या गोधडीवर धावदोऱ्याची एकूण लांबी सुमारे ८४० फूट भरते. हा आकडा पुस्तिकेत छापू नये. शिवणाऱ्या बाईला तो कळला तर ती मजुरी मागेल, आणि मग किंमत ठरवण्याची वेगळी पायरी या मार्गदर्शिकेत घालावी लागेल.

एक इशारा. काही लोक नमुन्याशिवायच शिवतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यानपिढ्या अशाच, मनाने शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. निष्काळजीपणा कुठवर नेतो ते पाहा.

पायरी ६: परीक्षण करून घ्या

प्रत्येक नमुना प्रकाशनाआधी परक्या हाताने शिवून पाहायचा असतो. परीक्षक दोन्ही काठांचे घ्यावेत. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत अडकले, दोन्हीकडून दगड आले, अशी गोटमारीची कथा सांगतात. तेव्हा माहेर सावरगाव आणि सासर पांढुर्णा अशी बाई सर्वोत्तम. ती दोन्ही बाजूंचे दोष सारख्याच आपुलकीने काढते.

वाद झेंड्यावर होणार. मधोमध ठेवला तर सावरगावची परीक्षक म्हणेल, बरोबर आहे, तिथेच राहू द्या. पांढुर्ण्याची म्हणेल, असा राहतो का कधी? तोडून न्यायचाच असतो तो. तोडगा म्हणून झेंडा सैल टाक्यांनी शिवावा. पहिल्या धुण्यात तो ज्या बाजूला निघेल ती बाजू जिंकली.

पायरी ७: हक्क राखून ठेवा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ वाचा. नोंदणी होऊ शकणारं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून जास्त प्रती निघाल्या, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. सावरगावला याची भीती नाही. पन्नास सारख्या गोधड्यांना पन्नास घरांत एकच लुगडं एकाच वेळी फाटावं लागेल. अपवाद फक्त आहेराच्या साड्यांचा. पण त्या कोणी नेसत नाही, पुढच्या लग्नात पुढे जातात, त्यामुळे फाटतही नाहीत.

नोंदणी करायची तर २००० सालचा डिझाइन कायदा आहे. त्याचं कलम ४ म्हणतं की जे डिझाइन आधीच लोकांपुढे आलं, छापून किंवा वापरून, ते नोंदवता येत नाही. इथे सगळा घोळ आहे. नमुन्याच्या नोंदणीचा अर्ज दाखल होईपर्यंत गोधडी पांघरायची नाही, अंगणात आणायची नाही, शेजारणीला दाखवायची नाही. आणि शेजारणीला दाखवायची नसेल तर शिवायची कशाला, याचं उत्तर कायद्यात नाही.

पायरी ८: प्रकाशन

मुहूर्त घटस्थापनेच्या आधीचा आठवडा. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण याच दिवसांत धुवायचं असतं, म्हणून वाचकवर्ग आयता नदीवर जमलेला असतो. गोधडी काठावर पसरा. चारही कोपऱ्यांवर जामेतलेच दगड ठेवा. महिन्यापूर्वी डोकी चुकवून इथवर पोचलेले भरपूर सापडतील.

आता लांब उभं राहून ऐका. समीक्षा तत्काळ सुरू होते. "हे तर तिच्या सासूचं लुगडं!" "आन् हे जावेचं. मागून नेलं का न विचारता?" "टाके पाय बरं, वाकडे." तुमची आठ पानी पुस्तिका जे सांगत नाही ते सगळं उन्हात पाच मिनिटांत वाचून होतं. पुस्तिका बाजूला ठेवली असेल तर तिच्यावरही एक दगड ठेवा, नाहीतर उडेल.

पायरी ९: सुधारित आवृत्ती

गोधडी विरली की टाकत नाहीत. तीच आतला थर करून वर-खाली नवी लुगडी घालतात आणि पुन्हा कडेपासून धावदोरा सुरू करतात. प्रकाशन व्यवसायात ही सोय दुसऱ्या कोणाला नाही. दुसऱ्या आवृत्तीत पहिली जशीच्या तशी असते, वाकड्या टाक्यांसकट, आणि शुद्धिपत्र छापावं लागत नाही.

मात्र तिसरी आवृत्ती काढण्यापूर्वी धुणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. ओली झाल्यावर गोधडी उचलायला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस तुम्हीच असाल.