मौजे वाटूर येथील रोही, टिटव्या व इतर बेघर रहिवाशांस अनावृत पत्र

मौजे वाटूर, तालुका परतूर, जिल्हा जालना येथील शिवारात पिढ्यान्‌पिढ्या, परंतु कोणत्याही दप्तरी नोंद नसताना, वास्तव्य करून राहिलेले रोही, हरणे, कोल्हे, खोकड, घोरपडी, टिटव्या, तित्तर आणि तत्सम इतर मंडळी यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, लहान बालकांच्या ज्ञानवृद्धीसाठी छापला जाणारा ‘प्राणी व त्यांची घरे’ हा रंगीत तक्ता, जो आपल्या वाटूर फाट्यावरही वह्या-पुस्तकांच्या दुकानात मिळतो आणि ज्यावरचे प्रश्न शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून पोलीस भरतीपर्यंत उमेदवाराचा पिच्छा सोडीत नाहीत, त्या तक्त्यात प्रत्येक प्राण्याच्या निवासाची चोख तजवीज करून ठेवलेली असताना, आपण मंडळी त्या व्यवस्थेला बिलकुल न जुमानता उघड्या माळावर, बांधावर, ओढ्याच्या काठाने आणि प्रसंगी तुरीच्या उभ्या पिकात बिनदिक्कत राहत आहात, असे आमच्या निदर्शनास आले आहे. सिंहाला गुहा, घोड्याला तबेला, गाईला गोठा, हत्तीला हत्तीखाना, कोंबडीला खुराडे, उंदराला बीळ, सापाला वारूळ, कोळ्याला जाळे आणि पोपटाला पिंजरा इतकी टापटीप ज्या राज्यात आहे, त्या राज्यात आपणांपैकी एकाच्याही नावे साधा आडोसा नसावा, आणि त्याबद्दल आपणांस यत्किंचितही संकोच वाटू नये, याचा खेद वाटतो.

आपण कदाचित म्हणाल की, तक्त्यात ज्यांची नावे आहेत ते तरी कोठे त्याप्रमाणे राहतात? हा आक्षेप, आम्ही तक्त्याचे निष्ठावंत पुरस्कर्ते असलो तरी, सर्वस्वी झटकून टाकता येत नाही. सिंह गुजरातेत गीरच्या रानात असतो आणि गुहेच्या भानगडीत न पडता सागाच्या किंवा बाभळीच्या विरळ सावलीत दुपारभर पडून असतो. हत्तीखाना आपल्या राज्यात आहे खरा, गडचिरोली जिल्ह्यात कमलापूर येथे वनखात्याचे हत्ती तेथे राहतात. परंतु 2002 साली कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेल्या, किंवा 2021 साली छत्तीसगडातून गडचिरोलीत आलेल्या रानहत्तींनी हत्तीखान्याचा पत्ता कोणास विचारला नाही. ते नारळीच्या बागा आणि भाताची खाचरे पाहत पुढे गेले. वाघाची गोष्ट तर याहून अवघड. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलेला एक तरुण वाघ 2019 साली स्वतःपुरती जागा शोधण्यास निघाला, आणि महाराष्ट्र व तेलंगणातील जिल्ह्यांमागून जिल्हे ओलांडीत, शेतांमधून, ओढ्या-नाल्यांच्या काठाकाठाने, मोठमोठे रस्ते पार करीत 3,000 किलोमीटरहून अधिक चालून अखेर आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. एवढ्या प्रवासात त्याने एखाद्या गुहेची चौकशी केल्याचे कोठे नमूद नाही.

सापाविषयी तर तक्त्याने केलेली नोंद महसुली दृष्ट्या अत्यंत धोकादायक आहे. वारूळ बांधते वाळवी. मातीचा कण न् कण लाळेने सांधून, आत हवेसाठी वाटा सोडून, ती जी इमारत उभी करते तिच्यात नाग मागाहून, बिनभाड्याने आणि बहुधा उंदरांच्या मागावर, शिरतो. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण ज्या भाषेत आहे त्याच भाषेत हा तक्ता छापला जातो, हे विशेष. बेकायदा कब्जेदाराचे नाव मालक म्हणून लावणे हा तलाठ्याच्या हातून घडल्यास चौकशीचा विषय होतो. विद्यार्थ्याच्या हातून घडल्यास एक गुण मिळतो. कोळ्याचे जाळे हे त्याचे घर आहे असे म्हणणे म्हणजे कोळीवाड्यातल्या माणसाचा पत्ता ‘मासेमारीचे जाळे’ असा लिहिण्यासारखे आहे. आणि पोपटाचा पिंजरा? आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अपराध ठरलेले असताना, सहा वर्षांच्या मुलाकडून त्या अपराधाचे पाठांतर करवून घेणारा हा बहुधा एकमेव शैक्षणिक उपक्रम असावा. पोपट बिचारा जुन्या झाडाची ढोली शोधतो. ढोली व्हायला झाड म्हातारे व्हावे लागते, आणि रस्ते रुंद होण्याच्या या काळात म्हातारे होण्याची मुभा झाडांना क्वचितच मिळते.

असो. इतरांच्या कसुरीने आपली कसूर क्षम्य ठरत नाही.

आपणांपैकी घराच्या बाबतीत थोडीबहुत प्रतिष्ठा राखून आहे ती एकटी सुगरण. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या काटेरी फांदीला लोंबणारे तिचे खोपे पाहून तक्ताकारालाही समाधान वाटते. परंतु येथेही कागदपत्र तपासता असे आढळते की, खोपा विणतो नर. गवताच्या आणि पात्यांच्या लांब चिरफाळ्या काढून आणायच्या, त्यांना गाठी मारीत अर्धा घुमट तयार करायचा, त्याच्या आतल्या अंगाला ओल्या चिखलाचे बारके गोळे चिकटवायचे, आणि मग पंख फडफडवीत मादी कधी पाहणीस येते याची वाट पाहत तेथेच लोंबकळत राहायचे. तिने येऊन आत डोकावून, चोच मारून, नापसंती दर्शविली की अर्धवट खोपा तसाच सोडून दुसरा बांधावयास घ्यायचा. पसंत पडला तरच तो खालची नळी पुरी करतो. अशा प्रकारे विहिरीवर दिसणारे निम्मेशिमे खोपे ही घरे नसून नामंजूर झालेली निविदापत्रे होत.

टिटवीबाईंनी मात्र हद्द केली. घर नाही, आडोसा नाही, काडी नाही, कापूस नाही. चार खडे इकडून तिकडे सारले की झाली बाळंतिणीची खोली. नांगरलेल्या रानात, मुरमाच्या खडीवर, रेल्वेरुळांच्या कडेच्या गिट्टीतसुद्धा ती चार मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी टोके आत करून मांडून ठेवते, आणि माणूस शंभर पावलांवर आला की स्वतःच आरडाओरडा करून साऱ्या शिवाराला वर्दी देते. ती ओरडते एका जागी आणि अंडी असतात दुसऱ्याच जागी, हे गुरे राखणाऱ्या कोणत्याही पोराला ठाऊक आहे. म्हणूनच ते पोर आवाजाच्या दिशेने न जाता उलट्या बाजूस, पायाखाली पाहत, जपून पाऊल टाकते. हेच पोर दुसऱ्या दिवशी वर्गात बसून ‘पक्षी : घरटे’ अशी जोडी रेघ मारून लावते. त्याने टिटवीपुढे ‘खडी’ असे लिहिल्यास उत्तर चूक धरण्यात येईल, याची नोंद घ्यावी.

रोहीराव, आता आपणांविषयी. उत्तरेकडे आपणांस गाय म्हणतात आणि त्या नावाच्या पुण्याईवर आपण बरेच दिवस काढलेत. वस्तुतः आपण कुरंगवर्गातले, आणि त्या वर्गात आशिया खंडात आपल्याहून थोर देहाचा कोणी नाही. नर निळसर राखी, माद्या व वासरे तांबूस. पाण्यावाचून बराच काळ निभावण्याची हातोटी. आणि सारा कळप वर्षानुवर्षे एकाच ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग घालणारा, म्हणजे निदान हद्दीच्या खुणांबाबत तरी आपण मोजणी खात्याइतकेच काटेकोर. इतके सद्‌गुण अंगी असलेल्या गृहस्थाने रात्री दोन वाजता हरभऱ्यात उतरावे? आपल्यापायी आमचा शेतकरी थंडीत माचाणावर जागल करतो, बांधाभोवती घरातल्या जुन्या साड्या ताणतो, बुजगावणी उभी करतो, फटाके फोडतो, ऐपत असल्यास झटका मशीन आणून तारा ओढतो. आणि एवढे करून पीक गेले म्हणजे सातबाऱ्याचा उतारा जोडून वनखात्याकडे अर्ज करतो, मग पंचनाम्याची वाट पाहतो. पंचनाम्यास मंडळी येईपर्यंत उरलेले पीक आपण पाहून घेता. त्याचे नुकसान खरे आहे, त्याचा संताप खरा आहे, आणि तो संताप गीरच्या सिंहावरील धड्याने शमणारा नाही.

यावर आपला खुलासा काय असेल तेही आम्ही जाणतो. आपण म्हणाल, आम्ही शेतात आलो नाही, शेत आमच्यात आले. ही जुनी सबब आहे. परंतु दप्तर उघडून पाहता तिला आधार सापडतो, ही अडचण आहे. पवन्या, मारवेल, कुसळीचे गवत, मध्येमध्ये हिवर, बोर आणि तरवड असा जो माळ, जेथून हरणाला दूरवरचा लांडगा दिसतो आणि पळण्यास मोकळे रान मिळते, जेथे खोकड अनेक तोंडांचे बीळ खणून पिल्ले वाढविते, जेथे तित्तर गवताच्या बुडाशी अंडी घालतो, त्या माळाला सातबाऱ्यावर नाव आहे पोटखराबा. लागवडीखाली येत नाही ते खराब, हा हिशेब सारा वसूल करणाऱ्याचा होता आणि तो त्याच्यापुरता बरोबरही होता. पण सरकारे बदलली, निजामी गेली, मराठवाडा भाषिक राज्यात आला, 1981 साली जालना जिल्हा वेगळा झाला, तरी त्या रकान्याचे नाव बदलले नाही. जे मुळातच खराब, त्याचे काहीही केले तरी ते सुधारणाच ठरते. म्हणून कोणी ते नांगरले, कोणी खडीसाठी फोडले, कोणी सौरऊर्जेच्या पट्ट्यांसाठी दिले. आणि ज्यांच्या मनात आपणांविषयी सर्वाधिक कळवळा होता त्यांनी, 2019 साली 33 कोटी झाडांचा संकल्प सुटला तेव्हा, उरल्यासुरल्या माळांवर खड्डे खणून रोपे लावली. मोकळेपणावर जगणाऱ्या काळविटाला दाट सावली देणे हे, माशाला कोरडी उबदार खोली देण्याच्या तोडीचे औदार्य होय.

कागदावर घर मिळाले म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. सोलापूरकडे नान्नज येथे आपले दूरचे आप्त माळढोक यांच्या नावे 1979 साली अभयारण्य जाहीर झाले, ते थोडेथोडके नव्हे, 8,496 चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शेते, तहसिलीची ठिकाणे, रस्ते सारे समाविष्ट झाले. ज्या पक्ष्याची मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर, घालते, त्याला असा विस्तीर्ण महाल बहाल झाला, आणि महालातल्या रयतेला स्वतःच्या जमिनीचा व्यवहार करणे अवघड झाले. पुढे हरकती, समित्या, न्यायालय असे सोपस्कार होऊन क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. तोवर महालातले राजे जवळपास नाहीसेच झाले होते. उलटपक्षी अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीला काळविटांसाठी अवघे 2.17 चौरस किलोमीटर राखले गेले, आणि तेथे काळवीट टिकले. अर्थात तेही कुंपण जाणत नाहीत, आसपासच्या ज्वारीत जातातच. किती जागा पुरे, हे ठरविण्यास चौरस किलोमीटर अपुरे पडतात. गवत केव्हा कापले, गुरे केव्हा सोडली, मोकाट कुत्री किती, बी धरण्यास गवताला सवड मिळाली की नाही, या गोष्टी ज्याला कळतात असा माणूस त्या गावात असावा लागतो. तो बहुधा मेंढरे राखणारा धनगर असतो, आणि त्याचेही नाव कोणत्याच तक्त्यात नसते.

सबब, सर्व बाजूंचा साकल्याने विचार करून आपणांस फर्मावण्यात येते की, तक्त्याच्या पुढील आवृत्तीपूर्वी आपण प्रत्येकाने स्वतःचे घर, त्यास चार भिंती, एक छप्पर व चित्रात स्पष्ट दिसेल असा दरवाजा, या तपशिलासह निश्चित करून कळवावे. ‘माळ’ हे उत्तर स्वीकारले जाणार नाही; कारण चित्रकाराने माळ काढल्यास त्यात गवत व आकाश यांखेरीज काही दिसत नाही, आणि असे चित्र अपुरे समजून छापखाना परत पाठवितो. आमच्या या म्हणण्यास आपली काही हरकत असल्यास ती लेखी द्यावी, अंगठा अथवा खूर उठविलेला चालेल. समक्ष हजर राहावयाचे झाल्यास दिवसाउजेडी, फाट्याकडून, बांधाबांधाने यावे. मधल्या वाटेने येऊ नये, हरभरा नुकताच घाट्यावर आला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तक्त्याचा एक निष्ठावंत वाचक

प्रत माहितीसाठी : शिवारातील सर्व बुजगावणी, आपापल्या जागी.