किती लिटरचं असंल?

मे २०१६. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आम्ही लातूरहून रेल्वेनंच मुंबईला समुद्र बघायला गेलो होतो. सोबत मामा-मामी. पोरीच्या हट्टापायी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात शिरलो. मत्स्यालय १९५१ सालचं, पण वर्षभरापूर्वीच रंगरंगोटी होऊन पुन्हा उघडलेलं. नवं आकर्षण म्हणजे पारदर्शक बोगदा. डोक्यावरून मासे जातात. लांबी बारा फूट. आमच्या गल्लीत टँकर आला की घागरींची रांग याच्या दसपट लागते.

शेजारी एक मुंबईकर कुटुंब उभं होतं. माशांकडं बघत त्यांचं चाललेलं, हा तळायचा की कालवणाचा? मामांना मासे दिसतच नव्हते. काचेवर बोट टेकवून ते गार्डला म्हणाले, "किती लिटरचं असंल हो?" गार्ड गप्प. "बदलता कवा?" गार्ड पुढच्या काचेकडं सरकला. मामा मागोमाग. "आन् जुनं कुठं सोडता?"

पोरगी तिचं शाळेतलं ज्ञान पाजळत होती. समुद्रघोड्याची पिल्लं बाप आपल्या पोटाच्या पिशवीत वाढवतो. हे ऐकून मामींनी मामांकडं असं काही बघितलं की पुढचे दोन टँक कुणी बोललंच नाही. तारामाशाला मेंदू नसतो.

"तरी पाची बाजूला पाय पसरलेत," मामा म्हणाले. "निवडून येतंय हे."

जेलीफिशच्या अंगात ९५ टक्के पाणी असतं, हे कळल्यावर मात्र मामा खुलले. "पाच लाख लिटरसाठी पहिल्या गाडीला दहा वाघिणी लावल्या. हेच भरून आणायचे की!"

कोरोनात ते मत्स्यालय बंद पडलं. आमचं काही अडलं नाही, कारण हल्ली समुद्रच दारी येतो. गेल्या उन्हाळ्यात नांदेडच्या एका मैदानावर पत्र्याच्या मांडवात आला होता. बाहेर पाटी 'समुद्राच्या पोटात', आत रंगीत कोई मासे, म्हणजे तळ्यातले. मामांनी तिकीटवाल्या पोराला विचारलंच, "पाणी खारं का गोडं?"

"गोडं, काका."

"मग धरण म्हना की. पाटीवर तरी भरलेलं दिसंल."

परतताना मच्छी बाजारातून आलो. एका बाईपुढं प्लास्टिकच्या टबात मरळ होती, गोदावरीची, चांगली हातभर. टबात पाणी दोन तांबे. पाठ उघडीच. मधूनच ती तोंड वर काढून हवेचा घोट घ्यायची नि पुन्हा निपचित. पाणी आटलं तरी ही जात ओल्या चिखलात दिवस काढते, असं बाईनं सांगितलं.

मामा टबापुढं उकिडवे बसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी लिटर विचारले नाहीत.

"ही आपल्याकडली," म्हणाले, आणि बराच वेळ उठले नाहीत.