आधी विचारपूस, मग पंगत

वाशीम जिल्ह्यात कुणाचं पोट दुखायला लागलं की ते दुखणं फार वेळ त्याचं एकट्याचं राहत नाही. "काहून गा, काय झालं?" असं ओट्यावरून कुणी विचारतं आणि उत्तर यायच्या आत निदानही करून टाकतं, "ग्यास झाला असन." मग शेजारच्या काकू ओवा-पादेलोण आणतात, मामाजी हिंग कालवून बेंबीभोवती लावायला सांगतात, आणि एखादी मावशी नाभी सरकल्याचं जाहीर करून पदर खोचून पोट चोळायलाच बसते.

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा यांचंच बरोबर निघतं. भंडाऱ्यात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, त्यावर तुपाची धार, झणझणीत वांग्याची भाजी आणि वाढणाऱ्याचा "घ्या ना बाप्पा अजून एक" हा आग्रह, एवढं सगळं पोटात गेल्यावर पोटाने तक्रार केली तर त्याचा दोष नाही. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की मुरडा येतो, तोही ओळखीचाच. अशी दुखणी पुष्कळदा आपोआप बरी होतात आणि श्रेय ओव्याला मिळतं.

पोटदुखीवर तोंडी लावायला आपल्याकडे एक कथाही आहे, तीही घरची. श्री नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आपल्या जिल्ह्यातलं कारंजा. गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात ते कारंज्याला येऊन आईवडिलांना भेटतात आणि पुढे गोदावरीकाठी वासरब्रह्मेश्वराला जातात. तिथे एक ब्राह्मण पोटशूळाने इतका गांजलेला असतो, की पंधरा दिवसांतून, महिन्यातून एकदा जेवतो, आणि जेवला की तळमळतो. शेवटी पोटाला धोंडे बांधून तो नदीत उतरतो. श्रीगुरू त्याला परत आणवतात आणि औषध सांगतात ते पोटभर मिष्टान्नाचं, त्यात पुन्हा उडीद! यजमान सायंदेव घाबरतो, हा जेवून मेला तर पाप आपल्या माथी. पण ब्राह्मण जेवतो आणि बरा होतो.

या कथेतली पंगत आपण मनापासून उचलली. तिच्या आधीचा भाग मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. गुरूंनी त्या माणसाला आधी जवळ बोलावलं, असं टोकाला का गेलास ते विचारलं, आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. औषध त्यानंतर. पंगतीची जबाबदारी घ्यायला ते स्वतः समोर होते. आपण ती घेऊ शकत नाही. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तर पहिली आज्ञाच असते, "तोंडाने काही द्यायचं नाही."

म्हणून निदान विचारपूस तरी उचलावी. कुठं दुखते, कधीपासून, आणि सोबत आणखी काय होते? पोट म्हणजे एका ओसरीत नांदणारं एकत्र कुटुंब, कोण कण्हतंय ते आवाजावरून कळत नाही. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, भूक मेली, मळमळ आली, तर अपेंडिक्सचा संशय घ्यावा. अशा वेळी एरंडेल पाजणं किंवा पोट चोळणं म्हणजे ते फुटायला हातभार लावणं. तळकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन खांद्याकडे गेली तर पित्ताशयातले खडे असू शकतात. कमरेच्या बाजूने जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ बहुधा मुतखड्याची. वरच्या पोटातून पाठीत शिरणारी, पुढे वाकून बसलं की थोडी सैल होणारी कळ स्वादुपिंडाची असू शकते, दारू पिणाऱ्याने तर ती हसण्यावारी नेऊच नये. गुडघ्यांसाठी रोज गोळी खाणाऱ्या आजीच्या पोटात जळजळत असेल तर त्या गोळीनेच अल्सर केला नाही ना, ते पाहावं.

काही दुखण्यांना मात्र ओसरीवर बसवूच नये. पोट लाकडासारखं कडक झालं, हात लावू देत नाही, उलटीत रक्त आलं, शौच डांबरासारखी काळी झाली, पोट फुगून वारा सरणंही थांबलं, ताप चढला, डोळे पिवळे झाले, भोवळ आली, तर सरळ दवाखाना. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एकाएकी कळ आली तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते, तिथे लाजत बसायला वेळ नसतो. किशोरवयीन मुलगा पोट दुखतं म्हणतो, तेव्हा वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तो आपण होऊन सांगणार नाही, विचारावं लागतं. आणि पन्नाशीच्या, त्यातून साखरेचा त्रास असलेल्या माणसाला वरच्या पोटात दाबल्यासारखं होऊन दरदरून घाम फुटला, तर "ग्यास" म्हणणारा प्रत्येक जण हृदयाचा मौल्यवान वेळ खातो.

आता 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते, आणि 2024 पासून वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. तरी गाडीत बसायला नकार देणारे मामाजी असतातच. "येवढ्याशासाठी दवाखान्यात? लोक हसतीन." यावर वाद घालू नये. गाडीत बसवावं, आणि दुखणं कधी सुरू झालं, काय खाल्लं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगायला घरातलं न लाजणारं माणूस सोबत द्यावं.

समजा, तपासून डॉक्टर म्हणाले, "काही नाही, गॅसच आहे." तर परतल्यावर अख्खी गल्ली "आम्ही त म्हटलंच होतं" म्हणणार. म्हणू द्यावं. ते ऐकायला मामाजी ओट्यावर बसलेले आहेत, यापरता चांगला रिपोर्ट नाही.