दि. दिवाळी

नाशिकमध्ये 'दि' आजवर दोनच जागी मानाने बसायचा. एक, सहकारी बँकेच्या पाटीवर: दि नाशिक मर्चंट्स को-ऑप. बँक. दुसरा, निमंत्रणपत्रिकेत तारखेच्या आधी, टिंबासकट. आता तो सणांच्या मानगुटीवर बसायला लागलाय. 'लेट अस सेलिब्रेट दि दिवाळी', 'दि गुढीपाडवा', 'दि होळी'. कॉलेज रोडवरचे फ्लेक्स वाचा, नाहीतर सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. नुसती दिवाळी काहीतरी गावंढळ वाटते, 'दि' लावला की सूट घालून आल्यासारखी दिसते.

गंमत म्हणजे ज्यांचं ते व्याकरण, त्यांना इथे 'दि' नकोच असतो. ख्रिसमसला नाही, ईस्टरला नाही, म्हणून दिवाळीला आणि ईदलाही नाही. मागे मेळा किंवा फेस्टिव्हल असं शेपूट आलं, की मात्र हवा: दि कुंभमेळा, दि गणेश फेस्टिव्हल. आणि चारचौघींतून एक निवडून बोट दाखवलं, तरीही हवा. 'दि रंगपंचमी ऑफ नाशिक' अगदी शुद्ध. असायलाच पाहिजे! वर्षभर मातीखाली बुजवलेल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, एका दिवसासाठी उकरायच्या, पूजा करायची, ज्या रहाडीचा जो ठरलेला रंग तो कालवायचा आणि मग शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा चौक करत रहाडीत उड्या टाकून धप्पे मारत सुटायचं, हे दुसऱ्या कुठल्या गावात होतं? हा 'दि' कमावलेला आहे. पण नेमका याच सणाच्या फ्लेक्सवर तो नसतो. तिथे असतं 'हॅप्पी रंगपंचमी'.

खरी उपासमार होते ती बिचाऱ्या 'अ'ची. 'विश यू अ व्हेरी हॅप्पी दिवाळी' यातला तो एवढासा 'अ' इंग्रजीला लागतोच लागतो, आणि आपण तोच गाळतो. फ्लेक्सवर भाऊ, दादा, आबा, अण्णा आणि शुभेच्छुक मित्रमंडळ यांच्या चेहऱ्यांना जागा असते. एका अक्षराला नसते.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घासल्या गेल्या. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. तरी घोळ मिटत नाही, कारण आपल्या भाषेत हे प्रकरणच नाही. दिवाळी आली म्हटलं की आली. कोणती, कितवी, एक की तीच, असं कुणी विचारत नाही. आणि साहेबाचं तरी कुठे धड आहे? रमजानला 'दि' नको, हजला हवा. 'न्यू इयर्स डे'ला नको, 'दि न्यू इयर'ला हवा. युनेस्कोने २०१७ मध्ये आपल्या वारसा यादीत घेतला तोही नुसता 'कुंभमेळा', शीर्षकात 'दि' नाही. मजकुरात लिहाल तर घाला. तेव्हा फ्लेक्स छापणाऱ्या पोराला हसणाऱ्या कॉन्व्हेंटवाल्यांनी जरा दमाने घ्यावं.

त्यातून कुंभाचा 'दि' म्हणजे तो एकमेव, असं कुणी समजत असेल तर त्याने रामकुंडावर एकदा आणि कुशावर्तावर एकदा विचारून पाहावं. वैष्णव नाशिकला न्हातात, शैव त्र्यंबकेश्वरला. मेळा एक, मान दोन. जुना नाशिककर तर कुंभमेळा म्हणतच नाही. तो सिंहस्थ म्हणतो. गुरू सिंह राशीत आला, संपलं.

आता परीक्षा जवळ आलीय. सिंहस्थाचं ध्वजारोहण ठरलंय ३१ ऑक्टोबर २०२६ला आणि लक्ष्मीपूजन आहे ८ नोव्हेंबरला. म्हणजे इच्छुक मंडळी खर्च वाचवायला एकाच फ्लेक्सवर दोन्ही शुभेच्छा उरकणार. त्या एका फ्लेक्सवर कुंभमेळ्याला 'दि' लागेल, 'विश यू' लिहिलं तर हॅप्पी दिवाळीच्या आधी 'अ' लागेल आणि नुसत्या दिवाळीला काहीच लागणार नाही. तिन्ही जागा बरोबर साधणारा उमेदवार दिसला तर पक्ष न बघता मत द्या. बाकीच्यांना विनंती एवढीच: 'सिंहस्थाच्या आणि दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' असं छापा. आणि 'दि.' लावायचाच असेल तर पुढे तारीख टाका.