थोडक्यात हरण्याचे तोटे

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपला संघ हरला, तर मानखुर्दच्या चाहत्याला तो पराभव घरापर्यंत न्यावा लागत नाही, ही हार्बर लाइनची कृपा. जुईनगरला रेफरीचा उद्धार होतो, सानपाड्याला प्रशिक्षकाचा, वाशीला नशिबाचा. पुढचं स्टेशन लांब आहे. गाडी खाडीपुलावर आली की कुणीतरी म्हणतोच, “तसे आपण वाईट नाही खेळलो.” मानखुर्दचा फलाट दिसेपर्यंत हे वाक्य “खरं तर आपणच चांगले खेळलो” इथवर आलेलं असतं. ६ नोव्हेंबर २०२३ला मुंबई सिटी या मैदानावर सौदीच्या अल हिलालकडून ०-२ हरली. ज्याला बघायला तिकिटांवर उड्या पडल्या होत्या तो नेमार गुडघा दुखावून घरी बसला होता, तरीही हरली. पण दोनच आठवड्यांपूर्वी रियाधला हाच संघ ०-६ हरला होता. म्हणजे पंधरवड्यात चार गोलांची सुधारणा! हा वेग टिकला असता, तर आणखी पंधरा दिवसांनी आपण अल हिलालला दोन गोलांनी हरवायला हवं होतं. गणितात खोट नाही. मुंबईने त्या आशियाई स्पर्धेच्या गटातले सहाच्या सहा सामने गमावले, एवढीच काय ती अडचण.

माझं म्हणणं असं आहे की थोडक्यात झालेला पराभव हा सगळ्यांत महाग पराभव असतो. मोठा पराभव माणसाला हलवतो, निदान लाजवतो. थोडक्यात झालेला मात्र पाठीवरून हात फिरवतो आणि काही दुरुस्त करायची गरजच नाही असं कानात सांगून जातो. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा फुटबॉल सामनाच घ्या. ३१ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिक, समोर फ्रान्स. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. फ्रान्सने आधी गोल केला, सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामनने बरोबरी साधली, आणि सामना संपायला मिनिटभर राहिलं असताना फ्रान्सने दुसरा गोल करून २-१ असा विजय मिळवला. आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या होत्या. चाहत्याला याहून चविष्ट पराभव मिळणं नाही. दोन पेनल्टी म्हणजे दोन गोल, म्हणजे ३-२, म्हणजे आपणच जिंकलो. शिवाय बूट न घालता! या सामन्याची वाहवा झाली, आणि ती खोटी नव्हती. फक्त त्या वाहवेत बुटांचा प्रश्न गुळगुळीत होऊन गेला. अनवाणी खेळून फ्रान्सला घाम फोडता येतो, तर बुटांवर खर्च कशाला, असं कुणी उघड म्हटलं असेल-नसेल, पण पुढच्या चार वर्षांत वागणूक तशीच राहिली. मधल्या काळात, १९५०च्या विश्वचषकाला जायची संधी आली असता आपण गेलोच नाही. तिथे आपण आजतागायत अपराजित आहोत.

मग १९५२. हेलसिंकी, समोर युगोस्लाव्हिया, निकाल १-१०. या पराभवात चाहत्याच्या कामाचं काहीच नव्हतं. दोन पेनल्टी मिळवून बघा, तीन मिळवून बघा, हिशेब जुळत नाही. सांत्वनाला जागा नव्हती म्हणून शेवटी बूट आले. भारतीय फुटबॉल महासंघाने ते सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघात मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळलेला नेव्हिल डिसूझा होता. त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, आपण ४-२ जिंकलो आणि उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. तिथेही पहिला गोल नेव्हिलचाच. पुढे १-४ असे हरलो आणि अखेर चौथे आलो. नुसता आकडा पाहिला तर १-४ हे १-२पेक्षा वाईट. पण मधे बूट आले होते, आणि म्हणून माझ्या लेखी उत्साह वाढवणारा पराभव तो हा.

आकडा बाजूला ठेवून मोजायचं कशाने, याचं उत्तर १९४८ आणि १९५२च्याच ऑलिंपिकमध्ये आहे, आणि ते फुटबॉलवाल्यांकडे नसून कुस्तीवाल्यांकडे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ला लंडनला गेले, मातीत वाढलेले असूनही मॅटवर लढले आणि सहावे आले. सहावा नंबर हाही तसा झुंजार पराभवच. कोल्हापुरात सत्कार घेऊन आयुष्यभर ‘मॅट नवी होती हो’ असं सांगत बसायला पुरेसा. पण १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नाहीत म्हटल्यावर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा वरच्या वजनगटात लढले आणि कांस्यपदक घेऊन आले; स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा पराभव उत्साहवर्धक होता की नाही, हे ठरवायची माझी कसोटी सोपी आहे: त्यानंतर कुणी घर गहाण टाकलं का? टाकलं असेल तर होता. नुसत्या टाळ्या पडल्या असतील तर तो साधा पराभव, वर्तमानपत्रात जरा बऱ्या कपड्यांत आलेला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हरलेल्याला धीर देणं हा माणुसकीचा भाग आहे, त्यात हिशेब कसले काढता? खेळाडूला धीर द्यावाच, माझी तक्रार चाहत्याने स्वतःला दिलेल्या धीराबद्दल आहे. मटक्यात ओपन बरोबर लागून क्लोज एका आकड्याने हुकलेला माणूस दुकान सोडत नाही. साफ हरलेला एखाद वेळेस सोडतो. ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवून दिलं की थोडक्यात हुकलेला डाव खेळणाऱ्याच्या मेंदूत जिंकण्याशी जोडलेलेच भाग चेतवतो आणि पुन्हा खेळायची इच्छा वाढवतो, मग तो डाव निव्वळ नशिबाचा का असेना. मुंबईला हे समजायला मेंदूची छायाचित्रं लागली नसती, पण पुरावा असलेला बरा. चाहत्याचा उत्साह म्हणजे पुष्कळदा तो पुढचं तिकीट काढणार याची खूण, संघ सुधारणार याची नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त बळकट आहे. अल हिलालकडून हरलेल्या त्याच मुंबई सिटीने त्याच मोसमात, ४ मे २०२४ला, कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ३-१ हरवलं आणि आयएसएलचा चषक उचलला. मग सहा पराभवांनी काहीतरी शिकवलंच ना? शिकवलं असेल. पण मधल्या काळात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डच्या क्लबकडे गेले होते आणि पीटर क्रॅट्की आले होते. श्रेय पराभवाचं, नव्या प्रशिक्षकाचं की मुळात संघ चांगला होता याचं, हे एका चषकावरून सांगता येत नाही. चषक मिळाल्यावर जुने पराभव आपोआप पायऱ्या दिसायला लागतात. न मिळालेल्यांचे पराभव खड्डेच राहतात, आणि खड्ड्यांवर कुणी लेख लिहीत नाही. (रस्त्यांवरचे सोडून.)

२०१७चा सतरा वर्षांखालील विश्वचषक तर आपल्याच देशात झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, म्हणून महाराष्ट्राला तो जरा जास्तच आपला वाटला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जिक्सन सिंगने हेडरने बरोबरी साधली. भारताचा कोणत्याही फिफा विश्वचषकातला हा पहिला गोल. आनंद करून खेळाडू जागेवर येतात न येतात तोच कोलंबियाने पुढच्या मिनिटाला दुसरा गोल केला. १-२. पुन्हा तोच १९४८चा आकडा, पुन्हा तीच हळहळ, आणि या वेळी ती खरोखर रास्त होती. पोरं जिवाच्या आकांताने खेळली होती. तीन दिवसांनी घानाने आपल्याला ०-४ हरवलं. उत्साहाची मुदत तीन दिवस.

तरीही माझ्या विरुद्ध जाणारा एक दाखला उरतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ५ सप्टेंबर २०१९ला गुवाहाटीत सुनील छेत्रीच्या गोलाने आपण ओमानच्या पुढे होतो आणि शेवटच्या आठ-नऊ मिनिटांत दोन गोल खाऊन १-२ हरलो. पाचच दिवसांनी दोहामध्ये, छेत्री नसताना, आशियाई विजेत्या कतारला आपण ०-० असं रोखलं. गुरप्रीत सिंग संधू गोलसमोर भिंतीसारखा उभा राहिला. इथे घर कुणी गहाण टाकलं नव्हतं, पाच दिवसांत कागदपत्रंही झाली नसती. तेव्हा थोडक्यात झालेल्या पराभवानंतर लगेच काही चांगलं घडू शकतं, हे मान्य. फक्त पुढचा महिनाही बघा. १५ ऑक्टोबरला कोलकात्यात, भरलेल्या सॉल्ट लेकवर, क्रमवारीत कितीतरी खाली असलेल्या बांगलादेशने आपल्यावर आघाडी घेतली आणि ८८व्या मिनिटापर्यंत टिकवली. गोव्याच्या आदिल खानने हेडर मारला म्हणून १-१ तरी झालं. त्या रात्रीही एक संघ भरपूर उत्साह घेऊन घरी गेला; त्याचं घर ढाक्याला होतं.